दोन बोटं माया

आज सकाळी हंगामाचं पहिलं गिऱ्हाईक आलं. आई पुढे आणि तिच्या खांद्याला लागलेली मुलगी मागे. मुलीनं दारातूनच सांगून टाकलं, “मागच्या वर्षीचा गणवेश मला होत नाही,” आणि तेही अशा थाटात, जणू परीक्षेत पहिली आली! लताताईंनी गळ्यातली टेप काढलीसुद्धा नाही. तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “बत्तीस. पण चौतीस न्या. ही पोरगी दिवाळीपर्यंत थांबायची नाय.”

झालं. सुरू झाला आमचा सण.

नाशिकात द्राक्षवाल्यांचा हंगाम ऊन तापता तापता आटोपतो आणि आमचा उन्हाळा सरता सरता सुरू होतो. आमचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. गंगापूर रोडवर, दारातून आत शिरलं की दहा पावलांत मागची भिंत लागते, एवढंसं. एरवी इथं निवांत असतं. कुणाचा टाय हरवतो, कुणाला स्नेहसंमेलनासाठी पांढरी पँट लागते. मग मे महिना उतरणीला लागतो आणि गठ्ठे येऊन पडतात. खोकी फोडली की नव्या कापडाचा, खळीचा आणि पुठ्ठ्याचा मिळून एक वास सुटतो. तो नाकात गेला की माझं वय मला आठवत नाही. पंचावन्न वर्षांची बाई मी, गुडघे कुरकुरतात, पण त्या तीन आठवड्यांत शिडी चढते, उतरते, ओरडते, हसते, चहा गार करून पिते आणि घरी गेल्यावर टॉवेलच्याही घड्या दुकानातल्यासारख्या घालते.

आणि दरवर्षी, हा वास आला की, मला ते एक वर्ष आठवतं. शाळा दोन वर्षं बंद राहून पुन्हा पुरत्या उघडल्या, ते वर्ष.

दोन वर्षं मुलं मोबाइलसमोर बसून शिकली होती. वर शर्ट, खाली घरातली चड्डी. गणवेश कुणाला लागणार? आम्ही मात्र बंद व्हायच्या आधी भरलेला माल घेऊन बसलो होतो. कपाटं लहान मापांनी गच्च, आणि ज्या मुलींसाठी तो माल भरला होता त्या घरात बसून उंच होत चाललेल्या.

दुकानातली तिन्ही माणसं त्या काळात पांगली. लताताई हरसूलकडच्या, लग्न होऊन नाशिकला पेठ रोडला आलेल्या, आमच्याकडे वीस वर्षं काउंटरवर. त्यांनी लोकांच्या घरी जाऊन पापड-कुरडया करून दिल्या. प्रवीण येवल्याचा. शिडीवरून माल काढायचा आणि गिऱ्हाइकाशी अखंड बोलत राहायचं, हे त्याचं काम. तो गावी परतला आणि भावाच्या मागावर पैठणी विणायला बसला. तिसरी नंदा, आमच्या मागच्या खोलीत मशीनवर बसणारी. कंबर घट्ट-सैल करणं, उंची उतरवणं हे तिच्याकडे. तिनं गल्लीतल्या बायका जमवून मास्क शिवले.

शाळा उघडणार म्हटल्यावर निरोप गेले आणि तिघंही परत आले. पण ते येणं वेगळं होतं. प्रवीण बोलेनासा झाला होता. नंदा खाली मान घालून यायची, खाली मान घालून जायची. लताताई गिऱ्हाइकापुढे एक गणवेश ठेवायच्या आणि “बघा” म्हणून गप्प राहायच्या. माणसं आली होती, हुरूप आला नव्हता.

त्यात मे महिन्यात अरविंद, माझे यजमान आणि दुकानातल्यांचे भाऊ, शिडीवरून पडले. कमरेला मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पलंगावरून उठायचं नाही. दुकान चालवायला उरले मी. मी तोवर बँकेत नोकरी केलेली, नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. लोकांशी बोलायची सवय मला होती, पण काचेच्या अलीकडे बसून.

मी भाच्याला फोन लावला. तो पुण्याला एका कंपनीत माणसांना उत्साहात ठेवण्याचंच काम करतो; तसा विभागच असतो म्हणे. त्यानं मला भराभर उपाय सांगितले आणि मी ते वहीत उतरवून घेतले.

पहिला उपाय, सकाळी शटर उघडल्यावर सगळ्यांनी गोल उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि “आज आपण जिंकणार” असं तीनदा म्हणायचं. आम्ही चौघं उभे राहिलो. चौघांचा गोल होत नाही, चौकोनच होतो, हे तेव्हा कळलं. दोन दिवस टाळ्या वाजल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचा चहावाला डोकावला आणि त्यानं विचारलं, “रोज रोज कुणाचा वाढदिवस असतो तुमच्यात?” टाळ्या थांबल्या.

दुसरा उपाय, आठवड्याचा उत्कृष्ट कर्मचारी. मी लताताईंचा फोटो मोठा करून घेतला, सोनेरी फ्रेममध्ये घालून काउंटरमागच्या भिंतीवर लावला. सकाळी त्या आल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, “मी गेले का काय?”

“अहो, काय बोलताय!”

“नाय, भिंतीवर फोटो चढला म्हणून इचारलं. हार तेवढा राह्यला.”

प्रवीण त्या दिवशी पहिल्यांदा हसला. नंदा आतून धावत आली आणि तीही हसली. मीही हसले, पण फ्रेम उतरवताना मनातून पुरती गोंधळले होते. मी एवढं सगळं करत होते, मग यांना मिळत काय नव्हतं?

ते कळलं जूनच्या पहिल्या शनिवारी, आणि फार वाईट रीतीनं कळलं.

दुकान भरलं होतं. एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं स्कर्ट काउंटरवर आपटला. चार दिवसांपूर्वीच नेलेला. “घरी घालून बघितला तर गुडघ्याच्या वर! शाळेत गुडघ्याखाली लागतो. माप घेता की नुसत्या गप्पा मारता?”

लताताई म्हणाल्या, “ताई, मी तुम्हाला त्याच वेळेला म्हणलं व्हतं...”

“उलट बोलू नकोस! डोळे आहेत ना? मालक कोण आहे इथं?”

मालक मी होते. सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या. दोन वर्षांनी गिऱ्हाईक दुकानात आलंय आणि ते हातचं चाललंय, एवढंच माझ्या डोक्यात. मी काही विचारलं नाही, काही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, “लताताई, सॉरी म्हणा त्यांना.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, “चुकलं, बाई.” मोठ्या मापाचा स्कर्ट काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

संध्याकाळी प्रवीणनं शिडी भिंतीला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, ती बाई स्कर्ट घेऊन गेली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. लताताईनं दोनदा सांगितलं होतं तिला, मोठा न्या म्हणून. ती म्हणली, नको, ढगळ दिसतो.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलं का?” तो म्हणाला आणि चपला घालून निघाला.

रविवारी लताताई आल्या नाहीत. हंगामात रविवारी दुकान उघडं असतं आणि वीस वर्षांत जूनमधला एकही रविवार त्यांनी चुकवला नव्हता. मी नंदाला आणि प्रवीणला दुकानात बसवलं आणि रिक्षा करून पेठ रोडला गेले.

दोन खोल्यांचं घर, दार उघडंच. त्या जमिनीवर बसून करवंदं निवडत होत्या. गावाकडून भावानं एसटीत घालून पाठवलेली, टोपलीभर, काळीभोर. मला बघून उठल्या नाहीत, पण पाट सरकवला आणि करवंदांची वाटी पुढे केली.

मी म्हटलं, “लताताई, माझं चुकलं.”

“बरं.”

“उद्या याल ना?”

त्या देठ काढत राहिल्या. बोटं चिकानं चिकट झालेली. मग सावकाश म्हणाल्या, “ती बाई बोलली त्याचं नाय मला काय. बाया बोलतात. घरचं काय काय असतं, उन्हाच्या येतात, कुठंतरी काढतात राग. वीस वरसं ऐकते मी. पण भाऊ असते तर मधी पडले असते. म्हणले असते, थांबा, आधी आमच्या बाईला इचारू द्या. तुम्ही नाय पडलात. मला एकटीला उभं केलंत, वहिनी.”

माझ्या तोंडातलं करवंद तसंच राहिलं. “मी माफी मागायलाच आलेय.”

“हितं मागताय,” त्या म्हणाल्या. “हितं मी हाय, तुम्ही हाय आन् करवंदं हायत. मला बोललात कुठं?”

मी रिक्षानं परत येताना त्या शेवटच्या तीन शब्दांवर वाटभर विचार केला. बँकेत आम्ही प्रशिक्षणाला जायचो, तिथं जाडजूड वह्या द्यायचे. त्यातलं एकही पान मला आज आठवत नाही. हे तीन शब्द मात्र आठवतात.

सोमवारी लताताई आल्या. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या जागी. अकराच्या सुमारास दुकान तुडुंब झालं, तेव्हा मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले. “एक मिनिट,” मी ओरडले, आणि आवाज चिरकला. “एक मिनिट सगळ्यांनी ऐका. शनिवारी याच दुकानात मी लताताईंना सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. चूक त्यांची नव्हती. त्यांनी योग्य माप सांगितलं होतं. मी न विचारता त्यांचा अपमान केला. ती माझी चूक आहे आणि मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते.”

शनिवारी जे होते त्यातलं तिथं बहुधा कुणीच नव्हतं. लोकांना कळेना की ही बाई शिडीवर चढून काय बोलते आहे. शेवटी कोपऱ्यातले एक आजोबा नातीचा हात धरून पुढे सरकले. “म्हणजे माप यांनाच कळतं ना? मग आमचं यांनीच घ्या.” त्यांच्यामागून एक बाई म्हणाली, “आमचंही.” आणि तिसरी, “मी आधी आलेय हं!”

मी लताताईंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी कोरडा. “वहिनी, बोलून झालं असंल तर उतरा. त्या शिडीवरून मला छत्तीसचा गठ्ठा काढायचाय.”

प्रवीण जोरात हसला आणि तिथून पुढे तो बोलत सुटला. “या या, आजोबा, नातीला इकडं उभी करा! कितवीत? सहावीत? चौथीत बघितली होती मी हिला, तेव्हा एवढीशी होती!” त्याच्या आवाजानं दुकान पुन्हा दुकान झालं.

त्या दुपारी मी शटर अर्धं खाली ओढलं आणि चौघं डबे उघडून बसलो. मी पहिल्यांदा विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” प्रश्न एवढा साधा आणि वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

नंदा आधी बोलली, आणि नंदा आधी बोलते हेच नवल. “मला पुढं यायचंय. मागच्या खोलीत मी दिवसा दिवा लावून बसते. गिऱ्हाइकाला माहीतच नाही की मी आहे. पिशवी पुढून जाते, काम मागं राहतं.” तिची मशीन आम्ही त्याच वेळी उचलून पुढच्या काचेपाशी आणली. प्रवीणला कपाटं लावायची होती स्वतःच्या पद्धतीनं, मापावार नव्हे तर शाळेवार. लताताईंनी दोन स्टुलं मागितली. “गिऱ्हाईक नसंल तवा टेकायला.” आणि वर आणखी, “मापाचं मी सांगीन ते शेवटचं. नाय पटलं तर त्यांनी त्यांच्या मर्जीनं न्यावं, पण पावतीवर लिवायचं, दुकानानं अमुक माप सांगितलं व्हतं.” मी होकार दिला. मलाच कसं सुचलं नाही याची लाज वाटत होती.

डबे अजून बंद व्हायचे होते आणि फोन वाजला. आमच्या जवळच्याच मुलींच्या शाळेचा ट्यूनिक, शर्टावरून घालायचा बिनबाह्यांचा झगा, एका कारखान्यातून शिवून येतो. तिकडून निरोप, मोठी मापं पंधरा दिवस तरी मिळणार नाहीत. सगळ्या गावांतल्या मुली एकदम वाढल्यात, सगळ्यांना तीच मापं हवीत. शाळा उघडायला उरले होते नऊ दिवस.

मी अरविंदना घरी फोन केला. ते पलंगावरूनच हताश झाले. “शाळेला कळवून टाक की आमच्याकडे माल नाही. लोक दुसरीकडे जातील. आता काही होत नाही.”

मी फोन ठेवला तेव्हा नंदा कपाटासमोर उभी होती. दोन वर्षांपूर्वीचा एक लहान ट्यूनिक तिनं उलटा करून हातात धरला होता आणि अंगठ्यानं आतली शिवण चाचपत होती.

“वहिनी, यात माया आहे,” ती म्हणाली. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. “दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं. उसवली तर अंगात बसतो. राहिली उंची. खाली गडद निळ्या कापडाची पट्टी लावायची, चार बोटं रुंद, आणि तसलीच गळ्याला बारीक. ठिगळ नाही दिसणार. मुद्दाम केल्यासारखी दिसेल.” आणि ते निळं कापड? मुलांच्या पँटींसाठी भरलेले तागे दोन वर्षं तसेच पडून होते.

बोलता बोलता ती मशीनवर बसलीसुद्धा. आम्ही तिघं भोवती उभे. चाकाचा आवाज, कात्रीचा आवाज, आणि अर्ध्या तासात तिनं तो ट्यूनिक झटकून पुढे धरला. मी टाळी वाजवली. भाच्यानं सांगितलेली नव्हे, आपोआप वाजलेली. प्रवीण म्हणाला, “पैठणीला काठ असतो तसा वाटतोय की हा!” येवल्याचा माणूस, त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी नाही.

पण गणवेश म्हणजे शाळेची वस्तू. मुख्याध्यापिकाबाईंनी हो म्हटल्याशिवाय एक टाका पुढे घालता येत नव्हता. मी पर्स उचलली. लताताईंनी विचारलं, “तुम्ही कुठं निघाल्या? गिऱ्हाईक कोण बघंल? आम्ही जातो. तिनं शिवलंय, मला मापं म्हाईत हायत. तुम्हाला काय सांगता येणार तिथं?”

खरंच, मला काय सांगता येणार होतं?

मंगळवारी सकाळी दोघी गेल्या. नंदानं इस्त्रीची साडी नेसली होती, लताताईंनी गळ्यात टेप घातली होती. मी काउंटरवर उभी, पण एकाही गिऱ्हाइकाचं मी धड ऐकलं नाही. तासाभरानं दोघी दारात उगवल्या. नंदाच्या चेहऱ्यावरूनच कळलं, तरी प्रवीण ओरडला, “काय झालं? सांगा ना!”

“खुर्चीवर बसवलं,” नंदा म्हणाली. तिला सुरुवात तिथूनच करायची होती. “आणि चहा. मॅडमनी ट्यूनिक उलटासुलटा बघितला, शिवण ओढून बघितली. विचारलं, कल्पना कुणाची? मी बोललेच नाही. लताताई म्हणाल्या, हिची.”

“मग?”

“मग मॅडम म्हणाल्या, दोन वर्षांनी माझ्या पोरी वर्गात बसणार आहेत. पट्टी असू दे नाही तर नसू दे, मला त्या बाकांवर दिसायला हव्यात. लेखी दिलंय बघा.”

लताताईंनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो मोठ्यांदा वाचला. आमच्या दुकानातल्या माणसांच्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र.

पुढचे सात दिवस! आज लिहितानाही माझी बोटं धावताहेत. नंदानं मास्क शिवणाऱ्या तिच्या चौघी मैत्रिणींना बोलावलं. मागची खोली रिकामी केली, खिडकीवरची खोकी हटवली तर तिथं चांगला उजेड होता, आम्हालाच माहीत नव्हता. सकाळी आठला पाचजणी कामाला लागायच्या. एक उसवायची, एक कापायची, एक जोडायची, एक काजं-बटणं बघायची, आणि पुढे काचेपाशी नंदा शेवटचा हात फिरवायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एक मुलगी तर काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिनं आईला विचारलं, “माझा कोणता शिवतायत?” नंदानं तिला आत बोलावून दाखवला.

गर्दी चहावाल्याच्या टपरीपर्यंत गेली. ज्यानं टाळ्यांवरून आमची चेष्टा केली होती तोच आता रांगेतल्यांना सरकून उभं राहायला सांगत होता आणि चहाही विकत होता. लताताईंनी मापांचा तक्ता बंद करून ठेवला. ते छापील माप त्या वर्षीच्या मुलांना लागूच नव्हतं. कुणी उंचच वाढलेलं, कुणी घरी बसून रुंद झालेलं. त्या फक्त बघायच्या आणि सांगायच्या, “अंगात तीस, उंचीला चौतीस, पट्टीवाला द्या.” प्रवीण तीन शाळांची तीन कपाटं डोळे मिटून उघडत होता आणि प्रत्येक मुलाशी बोलत होता. “शाळेत जाऊन काय करणार आधी?” तो विचारायचा. एकानं सांगितलं, “धक्काबुक्की.” सगळं दुकान हसलं.

एका दुपारी एका गृहस्थांनी आवाज चढवला. पट्टी कशाला, आम्हाला साधा हवा, वगैरे. मी पुढे झाले, लताताईंच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, “थांबा. आधी आमच्या ताई काय म्हणतात ते ऐका.” मला वाटतं, त्या सबंध हंगामात मी केलेलं खरं काम एवढंच. बाकी सगळं त्या तिघांनी केलं.

भाचा अधूनमधून विचारतो, मावशी, तू नेमकं काय केलंस? त्याला त्यातून चार मुद्दे काढायचे असतात. मी त्याला सांगते, बाबा रे, हुरूप बाहेरून आणून माणसांत भरता येत नाही. तो त्यांच्यात असतोच. आपण त्यावर बसलेलो असतो, तेवढं उठायचं. तो म्हणतो, हे स्लाइडवर कसं लिहू? मी म्हणते, लिहू नकोस.

अरविंद बरे होऊन दुकानात आले ते जुलैत. नंदाची मशीन काचेपाशी बघून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? प्रवीण म्हणाला, “भाऊ, आता ती तिथंच राहणार.” ती तिथंच आहे. नंदा आता तिच्या त्या चौघींना घेऊन दोन शाळांचे ट्यूनिक स्वतः शिवते आणि कारखान्याची वाट आम्ही बघत नाही.

पण मला सांगायचाय तो दिवस शाळा उघडली तेव्हाचा.

आदल्या संध्याकाळी शेवटचा ट्यूनिक गेला आणि दुकान एकदम मोकळं झालं. प्रवीण स्टुलावर बसला होता, लताताई दुसऱ्यावर. मी म्हटलं, “उद्या सकाळी दुकान उशिरा उघडू. आधी शाळेपाशी जाऊ या का?” सकाळी मी फाटकापाशी पोहोचले तर तिघंही माझ्या आधी आलेले.

रिक्षा येत होत्या, स्कूटर येत होत्या. मुली उतरत होत्या आणि उतरल्या उतरल्या किंचाळून एकमेकींना मिठ्या मारत होत्या. दोन वर्षांनी! कित्येकींना एकमेकींची उंची बघून हसूच आवरेना. करड्या ट्यूनिकांची नुसती लाट, आणि तिच्यात जागोजागी निळी पट्टी.

“ती बघा, अठ्ठावीस,” लताताई पुटपुटत होत्या. “ती बत्तीस. आन् ती, ती वेणीवाली, तिला मी छत्तीस दिला, बरोबर बसलाय का नाय? बघा!”

नंदा फाटकाच्या गजाला धरून उभी होती. वीस-बावीस वर्षं शिवतेय ती, पण शिवलेलं पिशवीत घालून दिलं की संपलं. चालताना तिनं ते कधी बघितलंच नव्हतं. मग तिनं माझा दंड धरला. “वहिनी, माझी पट्टी पळतेय,” ती म्हणाली. खरंच, दोन मुली पायऱ्यांवरून पळत वर चालल्या होत्या.

घंटा झाली. आतून राष्ट्रगीत सुरू झालं आणि आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिलो. शेजारी एक भाजीवाला हातगाडी सोडून उभा राहिला. प्रवीण मोठ्यांदा गात होता, जरा बेसूर. ते संपलं, आत वर्ग सुरू झाल्याचा गलका झाला, फाटकातली गर्दी विरली. मी म्हटलं, “चला, दुकान उघडायचंय.”

“थांबा थोडं,” लताताई म्हणाल्या. “उशिरा येणाऱ्या पोरी राहिल्यात.”

आणि खरोखरच कोपऱ्यावरून एक आली. दप्तर पाठीवर उडतंय, एक मोजा खाली घसरलेला, पट्टीचा ट्यूनिक वाऱ्यावर फडफडतोय, जीव खाऊन धावत. वॉचमननं फाटक लोटायला घेतलं होतं. लताताईंनी पदर खोचला, दोन पावलं पुढे झाल्या आणि ओरडल्या, “पळ गं पळ!” मग नंदा ओरडली. मग प्रवीण. मग मीही, पन्नाशी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई. भर गंगापूर रोडवर आम्ही चौघं हात वर करून एकदम ओरडत होतो, “पळ, पळ, पळ!”, आणि ती पोहोचली.